ख्रू अहो

थायलंडमधल्या एका सरकारी शाळेत मला ‘ख्रू अहो’ म्हणत. ख्रू म्हणजे शिक्षक; आपला ‘गुरू’ तिकडे गेला आणि ख्रू झाला. ‘अहो’ कुठून आलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. तिथे शिक्षकाला आडनावाने कुणी ओळखत नाही, पहिल्या नावाने किंवा टोपणनावाने हाक मारतात. मे महिन्याच्या मध्याला शाळा सुरू झाली तेव्हा मी त्या शाळेत शिक्षक नव्हतोच. तिथे शिकवणाऱ्या बायकोची छत्री घरी राहिली होती, ती द्यायला फाटकाशी गेलो होतो. झेंड्यासमोर मुलं रांगेत उभी होती आणि बायको लांबून ओरडली, “अहो, इकडे, इकडे!” पुढच्या रांगेतल्या मुलींनी ते टिपलं. सहा महिन्यांनी मी खरोखर वर्गावर उभा राहिलो तेव्हा फळ्यावर माझं नाव लिहायचीही गरज पडली नाही.

बायकोचं नाव तिच्या प्रमाणपत्रांवर होतं तेच राहिलं. करार तिचा, व्हिसा तिचा, घरही शाळेने तिच्या नावावर दिलेलं. मी सोबत आलेला. एडवणच्या माणसाला हे पचायला थोडा वेळ लागतो.

एडवण पालघर तालुक्यात, केळवे-माहीमच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. पश्चिम रेल्वेच्या सफाळे स्टेशनवर उतरायचं आणि एसटी पकडायची. मुंबईतली वाडवळ मंडळी गावाला ओळखतात ती आशापुरी देवीच्या देवळामुळे. बाकी गाव म्हणजे वाड्या, माड, ताड आणि किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी. आमच्या घरात वाडवळी बोली बोलतात. शाळेच्या पुस्तकातली मराठी पहिलीत भेटली तेव्हा तीही जरा परकीच वाटली होती. एबीसीडी भेटली पाचवीत. तेव्हा मराठी शाळांत तशीच रीत होती. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे इंग्रजी ही माझी तिसरी भाषा, आणि तीही दहाव्या वर्षी सुरू झालेली. ही गोष्ट मी पुढे मुलाखतीत लपवली आणि वर्गात भांडवल म्हणून वापरली.

आमच्या पट्ट्यात इंग्रजी ही नोकरीची भाषा. १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली, ती अमेरिकेच्या जीई कंपनीच्या बनावटीची. शेजारी बोईसरची एमआयडीसी वाढली आणि गेटपासपासून रसायनांच्या पिंपावरच्या चिठ्ठीपर्यंत सगळीकडे इंग्रजी आली. मी तिथल्याच एका कारखान्यात स्टोअरचे कागद सांभाळत होतो, संध्याकाळी गावात शिकवण्या घेत होतो. बायको बी.एड. होती. २०१२ च्या मे महिन्यात राज्य सरकारने शिक्षकभरती थांबवली आणि तिच्यासारखे डी.एड., बी.एड. झालेले हजारो जण विनाअनुदानित शाळांच्या दारात जाऊन उभे राहिले. ती उभी राहिली ते दार बोईसरचं. पगारपत्रकावर एक आकडा असायचा, सही त्यावर करायची, हातात दुसरा आकडा यायचा. शाळेचं नाव सांगत नाही. अशी एकच शाळा असती तर सांगितलं असतं.

परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायची कल्पना तिची. मला वाटलं, इंग्रजी शिकवायला आपल्याला कोण बोलावणार?

माझी शंका अगदीच खुळी नव्हती. दक्षिण कोरियात भाषा शिकवण्यासाठी ई-२ नावाचा व्हिसा असतो आणि इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला व्यापार करार २०१० च्या जानेवारीत लागू झाला, त्यात आपल्या माणसांसाठी एक फट ठेवली आहे. तिच्यातून आत जायचं ते सहायक शिक्षक म्हणून. ब्रज काचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं आखली होती. आतल्या वर्तुळात ती जन्मभाषा असलेले, मधल्यात भारत-नायजेरियासारखे जिथे ती राज्यकारभारातून रुजली ते, बाहेरच्यात नव्याने शिकणारे. काचरूंना सांगायचं होतं की मधल्या वर्तुळातली इंग्रजीही स्वतःच्या पायावर उभी आहे. व्हिसा देणाऱ्या खिडकीने त्यातलं वर्तुळ तेवढं उचललं.

थायलंड त्या मानाने मोकळा. तिथे भारतीय आणि त्याहून कितीतरी जास्त फिलिपिनो शिक्षक आहेत. पण कागद लागतात आणि प्रत्येक कागदावर कागद लागतो. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग वकिलातीचा. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. दोन्ही देश त्यात असतील तर एका शिक्क्यात काम भागतं. आम्ही गेलो तेव्हा थायलंड त्यात नव्हता. शिवाय पोलिसांचा दाखला, आणि इंग्रजी येतं हे सिद्ध करायला टोइक नावाची परीक्षा : ९९० पैकी ६००. लंडनच्या माणसाला ती माफ. बायकोला ६०० च्या बऱ्याच वर पडले. तिने निकालाचा कागद देवापुढे ठेवला नाही, थेट प्लास्टिकच्या पिशवीत घातला. पावसाळा जवळ आला होता.

शिक्षकांच्या परवान्याचं तिथे वेगळं मंडळ आहे, खुरुसफा म्हणतात त्याला. बी.एड. असलं की वाट सरळ. माझ्यासारखा नुसता बी.ए. असेल तर शाळा त्याच्यासाठी दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मागते. आमच्या एजंटने फोन मला केला, “सर, सर” करत दहा मिनिटं बोलला, आणि कागद पाहिल्यावर म्हणाला, “सर, मॅडमचं नक्की आहे. तुमचं बघू.” पहिलं सत्र मी जोडीदाराच्या व्हिसावर काढलं. त्या व्हिसावर काम करता येत नाही. मी भात लावायचो, बाजारात जायचो आणि चार वाजता छत्री घेऊन फाटकाशी उभा राहायचो. एडवणला आईला फोनवर सांगायचो, “चाललंय, बघतोय.”

प्रचुआप खिरी खान असं त्या प्रांताचं नाव. बँकॉकच्या दक्षिणेला, एका बाजूला म्यानमारची डोंगररांग, दुसऱ्या बाजूला समुद्र. यातलं ‘खिरी’ म्हणजे आपलं गिरी. नारळ आणि अननसाचा मुलूख. किनाऱ्यावर माकुल जाळ्यांवर वाळत घातलेलं असायचं आणि वारा फिरला की घरात येणारा वास एडवणचा. केळीच्या पानात बांधून वाफवलेला चिकट भात मिळायचा. आमच्या पानगीची लांबची बहीण म्हणायला हरकत नाही. नारळाचा रस प्रत्येक पदार्थात. फक्त साखर जिथे नको तिथे घालतात, हे शेवटपर्यंत पटलं नाही.

भाषेचं नातं हळूहळू कळत गेलं. भाषेला ‘फासा’, विद्येला ‘विथया’, वेळेला ‘वेला’, नगराला ‘नखोन’. त्यांची मुळाक्षरं आपल्याच क्रमाने लागतात. कंठ्य, तालव्य, प्रत्येक वर्गाच्या शेवटी अनुनासिक. आपण क कमळाचा म्हणतो, ती मुलं ‘को काय’ म्हणतात. काय म्हणजे कोंबडी. क कोंबडीचा! बायकोने पहिल्याच आठवड्यात हे हेरलं. इंग्रजी आवाजांत मुलांचा गोंधळ व्हायचा, तेव्हा तिने ओठांचा वर्ग आणि गळ्याचा वर्ग असे फळ्यावर दोन भाग केले आणि त्यांच्याच अक्षरांवर इंग्रजी आवाज बसवून दाखवले. युरोपातल्या शिक्षकाला हे सुचणं अवघड. एबीसीडीत आवाज तोंडातल्या जागेप्रमाणे लावलेलेच नसतात.

थाई बोलण्यात शब्दाचं शेवटचं व्यंजन अर्ध्यात गिळतात, आणि शेवटी ‘ल’ आला की त्याचा ‘न’ होतो, ‘स’चा ‘त’. फुटबॉलचं ‘फुतबॉन’, बसचं ‘बत’. स्कूलमधलं जोडाक्षर फुटतं आणि ‘सकून’ होतं. शाळेतला एक तरुण गोरा शिक्षक याला वैतागायचा. आम्हाला मात्र आजीचं ‘ठेसन’ आठवायचं. तोंडाला सवय नसलेला आवाज आला की प्रत्येक भाषा आपापली पायरी घालते, हे आम्ही लहानपणी आपल्याच जिभेवर पाहिलं होतं. त्यामुळे कुठे थांबायचं, कुठे सोडून द्यायचं, हे ठाऊक होतं. मला वाटतं, आमच्या अख्ख्या शिकवण्यात खरं काही होतं तर ते एवढंच : ज्याने जिना चढलेला आहे त्याला पायऱ्या मोजता येतात. जो माडीवरच जन्मला त्याला पायऱ्या दिसत नाहीत.

अर्थात आमचीही फजिती व्हायची. थाई सुरांची भाषा, पाच सूर. ‘मा’ सपाट म्हटलं तर ये, उंच म्हटलं तर घोडा, खालून वर नेलं तर कुत्रा. बायको वर्गात मुलांना आग्रहाने, आपल्या मराठी प्रेमळ हेलात, जवळ बोलवायची. वर्ग हसून बेजार. तिने कित्येक दिवस मुलांना कुत्रा म्हटलं होतं.

जूनमधल्या एका गुरुवारी तिथल्या शाळांत ‘वाय ख्रू’ होतं, गुरुवंदना. गुरुवारच का, तर तो त्यांच्याकडेही बृहस्पतीचाच वार. मुलं तबकं घेऊन येतात, गुडघ्यांवर सरकत शिक्षकांसमोर ठेवतात. तबकात लाल झुबक्याची फुलं, वांग्याची फुलं आणि दूर्वा. हो, दूर्वाच, आपल्या गणपतीच्या. त्या लाल फुलाचं नाव तिथे सुईवरून पडलेलं आहे, म्हणून ते तल्लख बुद्धीचं. वांग्याचं फूल फळ धरताना खाली वाकतं म्हणून नम्रतेचं. आणि दूर्वा कुठेही, कशाही जमिनीत पसरते म्हणून विद्येची. मी अजून शिक्षक नव्हतो, सभागृहाच्या मागे उभा राहून फोटो काढत होतो. तबक समोर आलं तेव्हा बायकोने दूर्वा पाहिल्या आणि हात जोडण्याऐवजी त्या मोजायला लागली. एकवीस नव्हत्या.

आता पगाराचं. मी नोव्हेंबरच्या सत्रापासून संभाषण शिकवायला लागलो. त्या गोऱ्या तरुणाची मातृभाषाही इंग्रजी नव्हती, तो युरोपातल्या दुसऱ्या एका देशातला. त्याला माझ्या दीडपटीहून जास्त मिळायचं आणि पालकसभेत पहिल्या ओळीत खुर्ची. भारतीयांना थाई लोक ‘खेक’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. बोलताना मात्र त्यात पाहुणचार असतोच असं नाही. शाळेचं नाव यातही घेत नाही. तिथल्या मुख्याध्यापिकेने आम्हाला स्वतःच्या घरची भांडी वापरायला दिली होती, हेही तितकंच खरं आहे.

त्याच काळात माझ्या हाती एक जुनं पुस्तक आलं आणि आपण फार काही पहिले नाही हे कळलं. दिलीप चित्र्यांचं ‘शिबा राणीच्या शोधात’. चित्रे मराठी वाचकाला माहीत आहेत ते कवी म्हणून, तुकारामाला इंग्रजीत नेणारे म्हणून. १९९४ साली साहित्य अकादमीने त्यांना मराठी कवितेसाठी आणि त्या अनुवादासाठी, असे दोन सन्मान एकदम दिले. पण १९६० साली ते बावीस वर्षांचे होते. बडोद्यात जन्मलेले, वडील पुरुषोत्तम चित्रे ‘अभिरुची’ मासिक काढणारे. अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्याबरोबर ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढून झालेलं. पहिला संग्रह ‘कविता’ त्याच वर्षीचा. आणि त्याच वर्षी, लग्न होऊन फार दिवस झालेले नसताना, हा मराठी कवी पत्नी विजया यांच्यासह इथिओपियाला गेला आणि तिथल्या शाळांत तीन वर्षं इंग्रजी शिकवत राहिला.

इथिओपियाच का, याला कारण आहे. १९३६ ते १९४१ तो देश इटलीच्या ताब्यात होता. इटालियन गेले, सम्राट हैले सेलासी परतले आणि शाळा नव्याने उभ्या करायच्या ठरल्या. माध्यमिक शिक्षणाचं माध्यम त्यांनी इंग्रजी ठेवलं, पण शिकवणारे आणायचे कुठून? भारतातून. सम्राट स्वतः १९५६ मध्ये भारतात येऊन गेले. केरळातून सर्वांत जास्त, पण बाकी प्रांतांतूनही शिक्षक तिकडे गेले, लहान गावांपर्यंत पोहोचले, गणित-विज्ञान-इंग्रजी शिकवत राहिले. त्यांत जोडपी पुष्कळ होती. दोघंही शिक्षक असतील तर सरकारला एका घरात दोन माणसं मिळायची. अमेरिकेच्या पीस कोअरची पहिली तुकडी इथिओपियात उतरली ती १९६२ च्या सप्टेंबरमध्ये, पावणेतीनशेच्या आसपास तरुण स्वयंसेवक, आणि तिचा जगभर गाजावाजा झाला. त्याच शाळांत आधीपासून खडू झिजवणाऱ्या भारतीय मास्तरांचा तसा गाजावाजा झाला नाही. १९७४ मध्ये सम्राटांना लष्कराने पदच्युत केलं आणि तो अध्याय हळूहळू आटोपत गेला.

मी ते पुस्तक प्रचुआपच्या खोलीत पंख्याखाली वाचलं आणि इथिओपियाबद्दल मिळेल ते शोधत बसलो. अम्हारिक लिपीत प्रत्येक अक्षराची सात रूपं असतात. ह, हु, ही, हा, हे अशी चढत जाणारी. बाराखडीच ती, फक्त सातखडी. तेफ नावाच्या, नाचणीहूनही बारीक धान्याचं पीठ आंबवून इंजेरा करतात; वरून जाळी पडते, आंबोळीसारखी. वर्षाचे महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. आणि घड्याळ दिवस उगवल्यापासून मोजायचं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ज्याच्या पणज्याने प्रहर मोजले त्याला हे समजायला काय अडचण? बावीस वर्षांच्या चित्र्यांना इथिओपियात काय काय ओळखीचं वाटत गेलं असेल, याचा मी विचार करत राहिलो.

शिवाय हा रस्ता नवा नव्हताच. हबशी हा शब्दच ‘हबेशा’वरून, म्हणजे त्या मुलखातल्या लोकांच्या स्वतःच्या नावावरून आलेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार चालवणारा मलिक अंबर, १६२६ मध्ये वारलेला, तिकडून गुलाम म्हणून विकला जात जात इथवर पोचला होता. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला आपण हबसाणच म्हणायचो. तिथून इकडे माणसं साखळदंडात आली. साडेतीनशे वर्षांनी इथून तिकडे गेली ती व्याकरणाची पुस्तकं घेऊन. इतिहासाचा हा हिशेब पूर्ण फिटला असं मी म्हणणार नाही, पण त्यात एक मराठी कवी आहे याचं मला बरं वाटतं.

चित्र्यांच्या छापील परिचयात ही तीन वर्षं एका ओळीत येतात : इथिओपियात इंग्रजीचे अध्यापन. त्यात माणूस एकच. विलास सारंग यांच्या परिचयातही अशीच ओळ आहे. मराठी कथेला वेगळं वळण देणारा हा लेखक सत्तरच्या दशकात इराकमधल्या बसरा विद्यापीठात आणि नंतर कुवेतमध्ये इंग्रजी शिकवत होता. जोडीने जाऊन केलेल्या कामाची नोंद एकाच्या नावावर पडते, हा जुना नियम आहे. ज्याचं नाव करारावर त्याचं काम. दुसऱ्याने घर लावलं, परकी भाजी ओळखली, तापात डोकं चेपलं, रात्री उद्याचा धडा ऐकून घेतला, ते ‘सोबत गेले’ या दोन शब्दांत आटोपतं.

उलट दिशेचं उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. जॉन आणि मार्गारेट विल्सन हे नवं स्कॉटिश जोडपं १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरलं आणि शिकवण्याआधी शिकायला कोकणात, हर्णैला गेलं. मराठी आधी, शाळा मागाहून. मुंबईत परतल्यावर मार्गारेटने मुलींच्या शाळा काढल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपलं मूळ तिच्याच १८३२ मधल्या कामात सांगते. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने इंग्रजी शाळा काढली, तिचं पुढे विल्सन कॉलेज झालं. १८३५ च्या फेब्रुवारीत मेकॉलेचं इंग्रजी शिक्षणाबद्दलचं प्रसिद्ध टिपण आलं आणि एप्रिलमध्ये मार्गारेट मुंबईतच वारली, इथे येऊन सहा वर्षं झालेली. पुढे तिच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून येऊन तिचं काम करत राहिल्या. नवऱ्याने तिचं चरित्र लिहिलं, ते १८३८ मध्ये निघालं. धर्मप्रसाराचा हेतू होता, त्यावर मुंबईत वादंग झाले, ते व्हायलाच हवे होते. पण चौपाटीवरून जाताना इमारतीवर दिसतं ते आडनाव दोघांचं आहे, आणि आपण ते एकाचंच समजून वाचतो.

आमच्यात करारावरचं नाव तिचं असल्यामुळे हा नियम मला उलट्या बाजूने कळला. पालकसभेत तिला बोलवायचे आणि मला चहाचे कप मोजायला सांगायचे. पहिले दोन-तीन महिने मी चिडचिडा झालो होतो. परक्या देशात भांडण झालं तर रुसून जायला जागा नसते. माहेर नाही, मित्राचं घर नाही, नाक्यावरची टपरी आहे पण तिथे बोलणार कुणाशी? अख्ख्या प्रांतात मराठी बोलणारं माझ्या माहितीत एकच माणूस होतं आणि त्याच्याशीच अबोला. दोन दिवस अबोला धरला की मराठीच बंद. शेवटी भूक लागली म्हणून नव्हे, शब्द साठले म्हणून बोलायचो. घरात तेव्हा आम्ही वाडवळीवर उतरलो होतो. ती मूळची वाडवळ नाही, मनोरकडची. प्रचुआपला जाऊन ती माझ्या आईची भाषा शिकली. एडवणला सून म्हणून दोन वर्षं राहिली तेव्हा शिकली नव्हती.

२०१६ च्या १३ ऑक्टोबरला राजे भूमिबल वारले. सत्तर वर्षं गादीवर होते. देशातल्या बहुतेकांनी दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. सरकारी नोकरांना वर्षभर काळे कपडे घालायचे होते, आणि शाळा सरकारी. दोन-तीन दिवसांत दुकानांतलं काळं कापड संपलं. लोक मोठ्या पातेल्यांत रंग उकळून असलेले कपडे काळे करत होते. माझ्याकडे एक काळा शर्ट निघाला. बायकोने पेटीच्या तळातून संक्रांतीसाठी नेलेली चंद्रकळा काढली. तीळगुळाची, हलव्याच्या दागिन्यांची साडी ती. शोकाला नेसायची कशी, म्हणून ती हातात घेऊन बराच वेळ बसली. मग नेसली. शाळेत बायकांनी त्या साडीच्या काठाला हात लावून पाहिला आणि एका म्हाताऱ्या शिक्षिकेने तिला जवळ घेतलं. त्या दिवशी आम्हाला पाहुणे कुणी म्हटलं नाही.

२०१७ च्या मार्चमध्ये वर्ष संपलं. माझी तात्पुरती परवानगी वाढवायची तर पुन्हा कागदांची रांग, आणि एडवणला वडिलांचं वय झालं होतं. परत आलो. पैसे फार साठले नव्हते. वाडीतल्या विहिरीचं काम झालं आणि एक कर्ज फिटलं, एवढे. ती आता पालघरला शिकवते. मी गावात शिकवण्या घेतो. पाचवीची मुलं आली की ‘फुतबॉन’ची गोष्ट सांगतो, म्हणजे आपलं चुकलं तर हसतील ही त्यांची भीती जरा जाते.

या उन्हाळ्यात आमच्याकडे एक जोडपं आलं होतं, दोघं पंचविशीच्या आसपास, सफाळ्याच्या बाजूचं. त्यांना व्हिएतनामला जायचंय. तिथे पदवी, एकशेवीस तासांचा इंग्रजी-अध्यापनाचा कोर्स आणि शिक्के लागतात. मुलाने सगळी माहिती काढली होती. “सर, आधी माझं होऊ दे म्हणतोय. ही माझ्यामागून येईल, तिचं तिथे गेल्यावर बघू.” मी काही बोलायच्या आत बायको आतून आली आणि मुलीला विचारलं, “तुझी डिग्री काय?” मुलगी एम.ए., बी.एड. मुलगा बी.कॉम. “मग तुझे कागद आधी पाठव. आणि करार दोन मागा, दोघांच्या नावाचे वेगवेगळे. एकाच्या जिवावर जाऊ नका.” मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ही सांगतेय तसं करा. मी सहा महिने छत्री धरलेली आहे.”

वाचकांना एक विनंती आहे. इथिओपिया, नायजेरिया, टांझानिया, लिबिया, मालदीव, भूतान, जिथे कुठे तुमच्या घरातलं जोडपं शिकवायला गेलं असेल, त्यांची पत्रं, करार, शाळेचे फोटो माळ्यावर पडले असतील. घर आवरताना ते रद्दीत घालू नका. आणि फोटोच्या मागे गाव, शाळा, साल पेनाने लिहून ठेवा. नावं लिहाल ती मात्र दोघांची लिहा.